वजनाएवढा गूळ

जन्मले तेव्हा मी दीड किलोची होते. सातव्या महिन्यातच बाहेर यायची घाई केली. आजही कुठल्या लग्नाला तासभर आधी जाऊन बसले की घरचे म्हणतात, हिची ही खोड जन्मापासूनची आहे.

आमचं कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचं अडत दुकान. अज्जा शिवाप्पा, म्हणजे माझे आजोबा, यांनी ते घातलं आणि पुढे माझे वडील शिवकुमार यांनी चालवलं. गुळाच्या घरात जगातली सगळी वजनं गुळातच मोजली जातात. तीस किलोचा तो रवा, किलोची ती भेली. त्यामुळे माझ्या जन्माची बातमी यार्डात पोचली ती अशी, की शिवकुमारला मुलगी झालीय, दीड भेलीची.

दीड भेलीची मुलगी जगेल असं डॉक्टरांनासुद्धा वाटत नव्हतं. मग माझ्या अज्जीनं, रत्नव्वानं, गडहिंग्लजच्या पलीकडच्या आमच्या गावच्या वीरभद्राला नवस बोलला. पोरगी जगू दे, वर्षाची झाली की तिच्या वजनाएवढा गूळ तुझ्या दारात वाटीन. मी जगले. रांगले, चालले, शाळेत गेले, पोरांशी भांडून दात पाडून घेतला. गूळ मात्र काही वाटला गेला नाही.

हे मला कळलं आठव्या वर्षी, एक्क्याण्णव साली. शेजारच्या अंबूबाईंच्या पेरूच्या झाडावर मी चढले होते आणि त्या खालून ओरडत होत्या, "उतर गं बाई, उतर! तुझा नवस अजून फिटायचा हाय. पडलीस तर देवाला काय सांगायचं?"

मी उतरले ती थेट अज्जीपुढे. "अज्जी, माझा नवस का नाही फेडलास?"

"फुडल्या वर्षी," अज्जी म्हणाली आणि शेंगदाणे पाखडत राहिली.

पुढच्या वर्षी म्हणजे कधी, हे विचारायची मला सवयच लागली. खरं तर मला नवसापेक्षा त्या उत्तरांचीच उत्सुकता जास्त असायची, कारण दर वर्षी उत्तर नवं असे. मी एक वर्षाची झाले तेव्हा म्हणे गावाच्या ओढ्याला पाणी होतं. दुसऱ्या वर्षी मला गोवर. मग अज्जा वारले. मग धाकट्या काकांनी दुकानातून अंग काढून घेतलं आणि दोन वर्षं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. सगळं घर एकत्र असल्याशिवाय नवस कसा फेडायचा? पुढे भाऊ बोलायला लागले, तर अज्जीला गूळच पसंत पडेना.

हा गुळाचा प्रकार मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. वडिलांनी खास सांगून गुऱ्हाळावरून रवा आणला होता, पिवळाधमक, कणीदार. अज्जीनं अंगठ्यानं दाबला, नखानं कोर काढून जिभेवर ठेवली आणि तोंड वाकडं केलं.

"ह्यात रंगाचं औषध हाय."

"अव्वा, माझ्यासमोर काहिलीतनं काढलाय की!" वडील आईला अव्वा म्हणायचे.

"मग तुझ्या डोळ्यात औषध घाल."

बाजारातल्या भल्याभल्यांना गुळाची पारख शिकवणारे माझे वडील त्या दिवशी रवा घेऊन मुकाट्यानं दुकानात गेले. दुसऱ्या वर्षी आणलेला गूळ खारट होता. तिसऱ्या वर्षीचा काळपट. ज्या गावाचा गूळ देशभर जातो, त्या गावात एका म्हातारीच्या देवाला चालेल असा एक रवा मिळत नव्हता. हे कुणालाच विचित्र कसं वाटलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. मलासुद्धा तेव्हा वाटलं नाही.

दुसरी एक गोष्ट मात्र खटकायची. दुकानात आढ्याला टांगलेला मोठा काटा होता, दोन्ही बाजूंना साखळ्यांनी लोंबणारी लाकडी पारडी. यार्डातल्या सगळ्या पोरांनी त्या पारड्यांचे झोपाळे केले होते. मला मात्र त्यावर पाय ठेवायची बंदी. अज्जीनं एकदा मला पारड्यात उभी पाहिलं तेव्हा "साकु!" असं ओरडून, म्हणजे आता पुरे असं सांगून, दंडाला धरून खाली ओढली होती. दंडावर तिची बोटं उठली. एरवी ती माझ्यावर आवाजही चढवत नसे.

जे करू नको म्हटलं ते मी करणारच. आमच्याकडे ज्ञानू नावाचे मापाडी होते, गुळाचं माप घेणारे. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दुकान रिकामं असायचं, तेव्हा ते मला गुपचूप काट्यावर बसवायचे. दुसऱ्या पारड्यात मापं टाकायचे, काटा स्थिर होईपर्यंत मिशीवर बोट ठेवून बघत राहायचे, आणि मग यार्डात पुकारतात तसं पण दबक्या आवाजात पुकारायचे, "चोवीस! रव्याला सहा कमी!"

त्या एका वाक्यासाठी मी वर्षभर थांबायचे. आपण काही न करता, नुसतं खाऊनपिऊन आणि झोपून, आपल्यात दर वर्षी हे दोन-तीन किलो कुठून येतात? आई म्हणायची, भाकरीतून. मग रोज भाकरी खाणारी अज्जी का वाढत नाही? ज्ञानूकाकांना विचारलं तर म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाचं आत वाढतंय." आत म्हणजे कुठे, हे त्यांनी सांगितलं नाही.

बाराव्या वर्षी मी तीस भरले. "रवा झालीस की गं!" म्हणून त्यांनी मला चिक्कीचा तुकडा दिला. तेराव्या वर्षी गेले तर म्हणाले, "आता न्हाय. आता बाईमाणूस झालीस, मी न्हाय तोलणार." मी मोठी झाले हे मला पहिल्यांदा सांगितलं ते असं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. घरी येऊन मी तासभर रडले आणि कारण कुणालाच सांगता येईना.

पुढे घरात माझं जे जे बिघडलं ते नवसाच्या खात्यात गेलं. बारावीला गणितात नापास, नवस. पाहायला आलेल्या मुलानं नकार दिला, नवस. गाडी घसरून गुडघा फुटला, नवसच. मी चिडायचे. म्हणायचे, गणित मला येत नाही म्हणून नापास झाले, त्यात वीरभद्राचा काय संबंध? मजा अशी, की हे सगळं बोलणाऱ्यांत अज्जी कधीच नसायची.  ती कपाळावर विभूतीच्या तीन रेघा ओढून सकाळची लिंगपूजा करायची, आणि पूजा झाली की मला जवळ बोलावून नुसतं डोक्यापासून पायापर्यंत बघायची.

गृहविज्ञानाची पदवी घेऊन मी नोकरीला लागले, शिरोळ तालुक्यातल्या अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. काम काय, तर पोरं मोजणं! छताच्या हुकाला ताणकाटा, त्याला झोळी, झोळीत पोर, आणि कार्डावर त्याच्या वजनाचा ठिपका. दर महिन्याचे ठिपके जोडत गेलं की पोराची रेघ तयार होते. रेघ वर चढत असली की मला बरं वाटायचं, आडवी झाली की त्या घरी दोनदा चक्कर मारायची. लग्नही तिथलंच जमलं. जयसिंगपूरचे शिवप्रसाद, हार्डवेअरचं दुकान, स्वभाव शांत. माझ्यासारखीला शांतच हवा होता.

दोन हजार पाच साली पाचव्या महिन्यात माझं मूल गेलं. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. घरी आले तेव्हा दारातला अंगणवाडीचा ताणकाटा बघून मला इतकं रडू आलं, की शिवप्रसादनी तो उचलून माळ्यावर ठेवला.

दोन हजार सातमध्ये पुन्हा दिवस राहिले. तेव्हा सासूबाईंनी पहिल्यांदा विषय काढला, तोही फार जपून. "सौंदर्या, मी काय जुन्या वळणाची न्हाय. पण तेवढा नवस फेडून टाका की. मनाला बरं." एरवी मी तासभर वाद घातला असता. त्या दिवशी घातला नाही. कारण मला भीती वाटत होती. पुस्तकं वाचलेली, तपासण्या नीट आलेल्या, डॉक्टर म्हणत होत्या सगळं ठीक आहे, आणि तरी मी रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी पोटावर हात ठेवून बघत होते.

मी वडिलांना फोन केला. ते म्हणाले, अव्वाला विचारतो. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "न्हाय म्हणतीय. ह्या साली गूळ चांगला न्हाय म्हणं."

मला संताप आला. चोवीस वर्षं झाली, माझ्या पोटात पाच महिन्यांचं मूल आहे, आणि हिला अजून गूळ मिळत नाही?

त्याच आठवड्यात शिरोळजवळच्या एका वाडीत बनाबाई नावाची तरुण आई पोर पोटाशी धरून कोपऱ्यात उभी राहिली. काही केल्या झोळीत घालू देईना. "मोजू नका बाई. मोजलं की पोर आटतंय. माझ्या जावंचं असंच झालं."

यावरचं भाषण माझं पाठ होतं. काटा फक्त सांगतो, घेत काही नाही, असं ते सुरू होतं. पहिलं वाक्य बोलले आणि थांबले. बनाबाईनं पोराला ज्या बोटांनी धरलं होतं तशी बोटं माझ्या दंडावर कधीतरी उठली होती. ओढ्याचं पाणी, गोवर, काकांचं भांडण, औषध घातलेला गूळ, सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं. अज्जी विसरली नव्हती. अज्जी टाळत होती.

शनिवारी सकाळच्या एसटीनं मी कोल्हापूर गाठलं. अज्जीची पूजा नुकतीच झाली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, भिंतीला टेकून, पाय पसरून बसलेली. मी समोर बसले आणि सरळ विचारलं. "अज्जी, मला मोजायला तू का भितेस?"

तिनं नाही म्हटलं नाही. माझ्या पोटाकडे बघितलं.

"तुझ्या बाच्या आधी मला एक पोरगी होती," ती म्हणाली. "गंगव्वा."

हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. गंगव्वा अशीच नाजूक जन्मली. तिच्यासाठीही अज्जीनं हाच नवस केला. वीस वर्षांची पोर होती अज्जी तेव्हा. वर्ष भरलं त्या दिवशी, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही, गंगव्वाला वीरभद्राच्या दारात तोलली. नऊ शेर भरली. गावभर गूळ वाटला. अकराव्या दिवशी तिला ताप आला आणि संध्याकाळी ती गेली.

"नवस फिटला, देवाचं आमच्याकडं काम उरलं न्हाय. तो गेला दुसऱ्याच्या घरी." अज्जीचा आवाज जराही हलला नाही. "म्हणून तुझा मी ठेवला. जवर त्याला गूळ मिळायचा हाय, तवर तो तुझ्यावरनं नजर काढत न्हाय. गूळ चांगलाच होता गं. दर साली चांगला होता."

मला आधी हसूच आलं. चोवीस वर्षं या बाईनं वीरभद्राला दारात ताटकळत उभं केलं होतं, माझ्यासाठी.

"मग आता?"

"आता कुठं जाऊ?" आणि इथे मात्र तिचा आवाज फुटला. "तुझं ते पयलं गेलं, तवा वाटलं, देवाला राग आला. फेडला तर तू जाशील, न्हाय फेडला तर बाळ. मी काय करू सांग की! तू शिकलीस न्हवं?"

शिकले होते, पण यावर काही शिकवलं नव्हतं. तापाची कारणं मी सांगू शकले असते. तिला ती नको होती. मग मला जे येतं ते मी केलं, विचारत गेले. गंगव्वा दिसायला कशी होती? उभी राहायची का? दात किती आले होते?

अज्जीनं चमकून वर पाहिलं. सत्तावन्न वर्षांत तिला हे कुणी विचारलं नसावं. "चार," ती म्हणाली. "खाली दोन, वर दोन. ट्रंकेला धरून उभी ऱ्हायाची. कुत्रं दिसलं की हसायची. 'अव्वा' म्हणायची." मग ती थांबेचना. कान कसे होते, केस कसे कुरळे, झोपताना कुठलं बोट तोंडात. जेवायची वेळ टळली तरी आम्ही दोघी तिथेच होतो. चार दातांची ती पोर आमच्या घरात पहिल्यांदा रांगत होती. अज्जी रडत होती, मीही.

शेवटी मी म्हणाले, "अज्जी, तू म्हणशील तसं. नको वाटत असेल तर नको. सासूबाईंना मी सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी अज्जी वडिलांना म्हणाली, "शिवकुमार, रवे बघ." वडिलांनी धावत जाऊन दोन रवे आणि काही भेल्या आणल्या. तिनं अंगठा दाबला, चव घेतली. "बरा हाय."

सोमवारी आम्ही गावी गेलो. जयसिंगपूरहून शिवप्रसाद आणि सासूबाईही आले. ज्ञानूकाका आता पार पिकले होते, पण दुकानातला काटा टेंपोत घालून तेच घेऊन आले. देवळासमोरच्या मंडपाच्या तुळईला त्यांनी तो टांगला. एवढ्यात देवळात पूजा करणाऱ्या स्वामींना शंका आली. नवस एकीचा आणि पारड्यात बसणार दोघं, तर पोटातल्याचं वजन धरायचं की वगळायचं? मलाही हा प्रश्न फार आवडला. वडील म्हणाले, अंदाजानं अर्धा किलो वगळा. सासूबाई म्हणाल्या, अजिबात नाही, देवाला कमी देऊ नका. ज्ञानूकाकांनी निकाल दिला, "पारड्यात बसंल ते समदं वजनात."

मी बसले. शिवप्रसादनी एका बाजूनं साखळी धरली. दुसऱ्या पारड्यात दोन रवे चढले, मग अज्जी पुढे झाली. भेल्या मी ठेवणार, म्हणाली. एक ठेवली. दुसरी ठेवली. माझं पारडं हळूच जमिनीवरून सुटलं आणि लोंबायला लागलं. तिसरी भेली हातात घेऊन अज्जी तशीच उभी राहिली.

सगळे थांबले. वडील म्हणाले, "अव्वा, ठेव की." ती ठेवेना. तिचे डोळे माझ्यावर होते. तिथे जमलेल्या माणसांत ती काय करत होती हे फक्त मला ठाऊक होतं.

"अज्जी, ठेव," मी म्हणाले. "मी कुठं जात न्हाय."

तिनं डोळे मिटले आणि ठेवली. काटा हलला, डुलला, सरळ झाला. ज्ञानूकाकांनी सवयीनं पुकारायला तोंड उघडलं, तशी अज्जी ओरडली, "सांगू नगं!" आणि दोन्ही कानांवर हात ठेवले.

अकरा दिवस मी कोल्हापुरातच राहिले. ती तसं म्हणाली नाही, मी राहिले. रोज सकाळी उजाडताच अज्जी माझ्या खाटेशी यायची आणि नाकाखाली तळहात धरायची. मी झोपेचं सोंग घ्यायचे आणि मुद्दाम जोरात श्वास सोडायचे. अकराव्या दिवशी ती माझ्याजवळून उठलीच नाही. जेवली नाही, पाणीही माझ्या हातून प्यायली. दुपारी माझं डोकं जरा दुखलं तर मी ते तिला सांगितलं नाही, गुपचूप न्हाणीघरात जाऊन स्वतःच्या कपाळाला हात लावून बघितला. एवढी शिकलेली मी! संध्याकाळ झाली, दिवे लागले, आम्ही दोघी नुसत्या बसून होतो.

बाराव्या दिवशी सकाळी मला जाग आली ती उन्हानं. नाकाखाली हात नव्हता. साडेसात वाजून गेले होते. अज्जी पाचाच्या पुढे कधी झोपलेली या घरानं पाहिली नव्हती.  मी तशीच उठले, भिंतीला धरत तिच्या खोलीपाशी गेले आणि दार ढकललं.

अज्जी घोरत होती. तोंड उघडं, एक हात खाटेखाली लोंबलेला, मोठमोठ्यानं, यार्डातल्या एखाद्या हमालासारखी घोरत होती. मी खाटेच्या कडेला बसले. आई चहाला उठवायला आली, तिला मी हातानंच परत पाठवलं.

नऊ वाजता अज्जीनं डोळे उघडले. उन्हाकडे बघितलं, मग माझ्याकडे, डोक्यापासून पायापर्यंत.

"किती भरलीस गं तू?" तिनं विचारलं.

"त्रेसष्ट किलो."

"बाळाचं त्यात किती?"

"ते आत्ता कसं सांगू? बाहेर आल्यावर कळेल."

अज्जी उठून बसली.

"मग आल्यावर मोजू," ती म्हणाली.